सव्वाचौदा सेंटिमीटरचे मनगट आणि पाच घड्याळे

माझ्या डाव्या मनगटाचा घेर सव्वाचौदा सेंटिमीटर आहे. शिंप्याच्या फितीने, मनगटाचे हाड सोडून किंचित वर, फीत ना सैल ना आवळून अशी धरून मी तो तीन वेळा मोजला आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आले. गेल्या वर्षभरात मी पाच घड्याळे वापरून पाहिली, आणि त्याहून कितीतरी अधिक घड्याळे दुकानांच्या काउंटरवर बांधून पाहून परत दिली. ज्यांची मनगटे माझ्यासारखीच काडीपैलवानी आहेत, मग त्या बायका असोत की पुरुष, त्यांचा वेळ आणि पैसा थोडाफार वाचावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी माझी गरज सांगते, कारण ती समजल्याशिवाय माझी मते पटणार नाहीत. मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. बोर्डाच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून ब्लॉकवर जाताना मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, भिंतीवर घड्याळ असलेच तर ते चालू असेलच असे नाही, आणि तीन तासांच्या पेपरात पंचवीस मुले आळीपाळीने ‘मॅडम, किती वाजले?’ असे विचारत राहतात. म्हणून मला असे घड्याळ हवे होते, ज्याच्या तबकडीवर बाराही आकडे आहेत, मिनिटांच्या रेषा मोजता येतात, सेकंदकाटा आहे आणि जे एका नजरेत, चष्मा कपाळावर असतानाही, वाचता येते. शिवाय ते माझ्या हातावर मापात बसायला हवे होते. या दोन अटी एकत्र घातल्या की बाजारात काय होते, ते मला पहिल्याच दिवशी कळले.

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात शिरले, तेव्हा विक्रेत्याने काही न विचारताच मला डावीकडच्या काउंटरपाशी नेले. तिथे मखमली ट्रेमध्ये बावीस ते अठ्ठावीस मिलिमीटरची घड्याळे मांडली होती. कुणाच्या तबकडीवर आकड्यांऐवजी चार खडे, कुणाच्या तबकडीवर तेही नाहीत; मिनिटकाटा सोनेरी आणि तबकडीही सोनेरी, त्यामुळे वेळ पाहायला घड्याळ उजेडाकडे तिरके धरावे लागत होते. मला आकडे आणि सेकंदकाटा हवा आहे, असे म्हटल्यावर तो म्हणाला, ‘मॅडम, तसं जेंट्समध्ये येईल,’ आणि उजवीकडच्या काउंटरवरून त्याने बेचाळीस मिलिमीटरचे एक घड्याळ काढले. ते बांधले तेव्हा त्याची वरची आणि खालची टोके मनगटाच्या बाहेर गेली होती, पट्टा हाताला टेकण्याआधी बोटभर अंतर हवेतच उतरत होता, आणि हात जरा हलवला की ते सगळे प्रकरण फिरून मनगटाच्या आतल्या बाजूला जात होते. ‘सध्या मोठ्याचीच फॅशन आहे,’ हे त्याचे म्हणणे खरे होते, पण माझ्या उपयोगाचे नव्हते.

गंमत अशी की तेहतीस ते सदतीस मिलिमीटर हा जो मधला पट्टा आज दोन काउंटरांच्या मध्ये पडून हरवला आहे, तेच एके काळी पुरुषांच्या घड्याळाचे सर्वसाधारण माप होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मनगटावरचे घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई आणि पुरुष साखळीचे घड्याळ खिशात बाळगत. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना खिशात हात घालून वेळ पाहणे परवडेना, तेव्हा कुठे ते पुरुषांच्या मनगटावर आले. त्यानंतरही ते अनेक दशके लहानच राहिले. पाटेक फिलिपचे १९३२ सालचे कालात्राव्हा जेमतेम ३१ मिलिमीटरचे होते, आणि रोलेक्सचे १९४५ सालचे डेटजस्ट ३६ मिलिमीटरचे होते. ४७ मिलिमीटरची घड्याळे तेव्हाही होती, परंतु ती पानेराईने इटालियन नौदलातल्या, पाण्याखाली बुड्या मारणाऱ्या सैनिकांसाठी, त्यांच्या जाड पोशाखावरून बांधायला बनवली होती. १९९३ मध्ये त्या कंपनीने आपली घड्याळे सर्वसामान्य ग्राहकांना विकायला काढली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ज्यांनी कधी पोहण्याच्या तलावाचेही तोंड पाहिले नाही, त्यांच्या हातावरही तबके आली. अलीकडे काही कंपन्या पुन्हा ३५ ते ३८ मिलिमीटरकडे वळल्या आहेत, पण आपल्याकडच्या दुकानांतल्या ट्रेपर्यंत तो बदल फारच सावकाश पोहोचतो आहे.

आता मापाविषयी. डब्यावर किंवा वेबसाइटवर जे ‘३८ एमएम’ लिहिलेले असते, तो केसचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीचा, व्यास असतो, आणि साधारणपणे त्यात चावीची गुंडी धरलेली नसते. बारीक मनगटाच्या माणसाने केवळ या आकड्यावर विसंबून घड्याळ घेऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. पट्टा अडकवण्यासाठी केसला वर दोन आणि खाली दोन अशी जी टोके असतात, त्यांना लग म्हणतात. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतची लांबी, म्हणजे लग-टू-लग, हे खरे माप आहे. मनगटाचा वरचा भाग जिथपर्यंत सपाट असतो आणि जिथून तो बाजूला उतरू लागतो, तेवढ्या रुंदीच्या आत ही लांबी बसली पाहिजे. माझ्या मनगटाची ती सपाट रुंदी ४६ मिलिमीटर भरली. हे मोजायला मी आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर कॅलिपर मागून आणला होता. प्रयोगशाळेच्या सहायकाने तो देताना रजिस्टरमध्ये ‘कारण’ या रकान्यात काय लिहायचे असे विचारले, आणि मी ‘मनगट’ असे सांगितल्यावर त्याने तसेच लिहून घेतले.

याच हिशेबामुळे एका दुकानात हॅमिल्टनचे खाकी फील्ड हे घड्याळ मी मोठ्या आशेने हातात घेतले आणि तितक्याच नाइलाजाने खाली ठेवले. तबकडी म्हणाल तर माझ्या मनातली, आकडे ठसठशीत, व्यासही ३८ मिलिमीटर म्हणजे आवाक्यातला. परंतु त्याचे लग लांब आणि सरळ आहेत, लग-टू-लग ४७ मिलिमीटरच्या आसपास जाते, आणि माझ्या हातावर दोन्ही टोके अगदी कडेला येऊन टेकत होती. सोळा सेंटिमीटरच्या मनगटाला ते शोभून दिसेल. त्याच दुकानात टिसॉटच्या पीआरएक्सचे ३५ मिलिमीटरचे मॉडेलही बांधून पाहिले. ते छान बसते, लगचा प्रश्नच येत नाही, कारण पट्टा थेट केसमधून निघतो. मात्र त्यावर आकडे नाहीत, नुसत्या रेघा आहेत, आणि किंमत तीस हजारांच्या पुढे आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये खडूच्या धुळीत वापरायला मला ते जरा जास्तच वाटले.

विकत घेतलेले पहिले घड्याळ कॅसिओचे ए१५८डब्ल्यू. मला दोन हजारांच्या आत मिळाले, लांबी ३६.८, रुंदी ३३.२ आणि जाडी ८.२ मिलिमीटर. चौकोनी असल्यामुळे आणि लग जवळजवळ नसल्यामुळे ते माझ्या ४६ मिलिमीटरांत दोन्ही बाजूंनी जागा सोडून बसते, आणि मापाच्या दृष्टीने पाहिले तर या पाचांतले ते सर्वांत निर्धोक घड्याळ आहे. याचाच प्लॅस्टिकच्या पट्ट्याचा भाऊ, १९८९ पासून बाजारात असलेला एफ-९१डब्ल्यू, वजनाने अवघा २१ ग्रॅम आहे आणि किमतीने आणखी स्वस्त आहे. परंतु ए१५८च्या स्टीलच्या पट्ट्याचा एक मोठा फायदा असा की त्याला भोके नाहीत. बक्कलच्या आतली बारीक पट्टी छोट्या पेचकसाने उचलायची, बक्कल हवी तेवढी सरकवायची आणि पट्टी पुन्हा दाबायची. कडी काढायला दुकानात जावे लागत नाही. केस धातूची दिसते, पण ती प्लॅस्टिकची असून तिच्यावर चकाकीचा मुलामा आहे, हे मात्र घेणाऱ्याला ठाऊक असावे. पट्ट्यात हातावरची लव कधीकधी अडकते.

ब्लॉकवर हे घड्याळ घेऊन गेले त्या पहिल्याच दिवशी माझ्या हातून एक घोटाळा झाला. दर तासाला वाजणारा इशारा बंद करायचा राहून गेला होता, आणि बरोबर बारा वाजता, जेव्हा वर्गात पंख्याखेरीज कसलाही आवाज नव्हता, तेव्हा माझ्या मनगटातून ‘पिप्-पिप्’ झाले. पंचवीस माना एकदम वर आल्या. पुढच्या बाकावरच्या मुलाने तर पेन खाली ठेवले. त्याला वाटले वेळ संपली. हा इशारा बटण दाबून बंद करता येतो, तो मी त्या दिवसापासून बंदच ठेवला आहे. खरी अडचण निराळी आहे. आकड्यांच्या घड्याळात वेळ अचूक कळतो, पण किती उरला हे दिसत नाही, ते वजाबाकी करून काढावे लागते. काट्यांच्या घड्याळात उरलेल्या वेळाची फाकच डोळ्यांसमोर असते. गणिताची शिक्षिका वजाबाकीला घाबरते असे कुणी म्हणेल, पण उत्तरपत्रिकांवर सह्या करता करता दर दहा मिनिटांनी ती करून पाहावी.

दुसरे घड्याळ ‘लेडीज’ काउंटरवरचे, २८ मिलिमीटरचे. फार शोधल्यावर बाराही आकडे असलेले एक सापडले होते. त्याविषयी लांबण लावत नाही: ते हातावर नाजूक दिसते, लग्नाकार्यात शोभते, पण बारा मिलिमीटरच्या पट्ट्यावर ते सतत कलंडते, आणि तबकडी एवढीशी की मिनिटांच्या रेषांना जागाच उरलेली नाही, दहा वाजून तेवीस मिनिटे की चोवीस, हे सांगता येत नाही. बहिणीच्या मुलीला देऊन टाकले, तिला आवडले आहे. लहान मनगटाला सर्वांत लहान घड्याळच हवे, हा समज किती चुकीचा आहे ते मात्र या घड्याळाने शिकवले.

तिसरे सेको ५ मालिकेतले एसएनके८०९, जे भाच्याने महिनाभर वापरायला दिले. आता त्याचे उत्पादन बंद झाले असून उरलासुरला माल किंवा वापरलेली घड्याळेच मिळतात. व्यास ३७ मिलिमीटर, परंतु लग आखूड आणि खाली वळलेले, त्यामुळे लग-टू-लग सुमारे ४३ च भरते आणि ते हातावर शहाण्यासारखे बसते. काळ्या तबकडीवर मिनिटांचे मोठे आकडे बाहेरच्या कडेने आणि तासांचे आतल्या वर्तुळात, अशी वैमानिकी पद्धतीची रचना आहे. सवय व्हायला दोन दिवस लागतात, मग आवडू लागते. जाडी ११ मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि बारीक हातावर ती डोळ्यांना जाणवते. हे घड्याळ हाताच्या हालचालीवर आपोआप चावी घेते, पण यातल्या ७एस२६ यंत्राला हाताने चावी देण्याची सोय नाही, आणि वेळ लावताना सेकंदकाटाही थांबवता येत नाही. शनिवार-रविवार कपाटात राहिलेले घड्याळ सोमवारी सकाळी बंद पडलेले असते, ते हलवून चालू करायचे, आणि पुन्हा शाळेच्या घंटेशी सेकंदासह जुळवायचे म्हटले तर काटा नेमका बारावर येईल त्या क्षणाची वाट पाहत बसायचे. छंद म्हणून त्यात मजा आहे. पर्यवेक्षणाच्या सकाळी नाही. भाच्याला साभार परत केले.

चौथे सिटिझनचे बीएम८१८०. हेही ३७ मिलिमीटरचेच, पण शेजारी ठेवून मोजले तर लग-टू-लग माझ्या व्हर्नियरवर ४५ च्या आसपास भरले. व्यास सारखा असून लांबीत दोन मिलिमीटरचा फरक, आणि तेवढ्यानेच हातावर दोन निरनिराळी घड्याळे वाटतात. व्यासावर विसंबू नये असे वर लिहिले, त्याचे याहून चांगले उदाहरण मला देता येणार नाही. तरी ते माझ्या ४६ मध्ये जेमतेम का होईना बसते. हे उजेडावर चालते, बॅटरी बदलण्याची कटकट नाही, शंभर मीटरपर्यंतच्या पाण्याच्या दाबाचे प्रमाण त्यावर आहे, वार आणि तारीख आहे, आणि चावी ओढली की सेकंदकाटा जागच्या जागी थांबतो. तक्रार एवढीच की बारा आकड्यांच्या आत तेरा ते चोवीस असे आणखी बारा आकडे छापले आहेत. सैन्यात त्यांचा उपयोग असेल, माझ्या वर्गात तीच गर्दी आहे. बरोबर आलेला कापडी पट्टा जाड होता आणि शेवटच्या भोकातही ढिला राहिला, म्हणून तो बदलावा लागला.

पाचव्या घड्याळाकडे वळण्यापूर्वी एका फसलेल्या खरेदीची नोंद करते. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे ‘स्त्री-पुरुष दोघांसाठी, ३६ एमएम’ असे वर्णन वाचून मी घड्याळ मागवले. खोका उघडताच शंका आली. मोजले, तर ३६ हा काचेचा व्यास निघाला. केस ४१ मिलिमीटरची होती. फोटोत ते ज्या हातावर बांधले होते तो हात कुणा पैलवानाचा असावा. परतफेड मिळाली, पण तीन आठवडे आणि सात फोन खर्ची पडले. तेव्हापासून वर्णनात केसचा व्यास, लग-टू-लग आणि जाडी हे तिन्ही आकडे वेगवेगळे दिलेले नसतील तर मी पुढे वाचत नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून त्या मापाची आकृती कापायची, लगसकट, आणि ती मनगटावर ठेवून आरशात पाहायचे. आरशात म्हणण्याला कारण आहे. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत पुढची वस्तू फुगून दिसते, आणि बरोबर बसणारे घड्याळही ताटाएवढे वाटते. आपण घड्याळ लोकांना जसे दिसते तसे पाहायचे तर हातभर लांबून, आरशातच पाहावे.

पाचवे एचएमटी जनता. याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण शेवटी हातावर राहिले ते हेच. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना सुरू केला, आणि जनता हे त्यांचे हाताने चावी देण्याचे, १७ ज्वेलचे (म्हणजे यंत्रातली झीज रोखणारे सतरा खडे असलेले), नावाप्रमाणेच सामान्य माणसाचे घड्याळ. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याला मान्यता दिली, त्यामुळे त्या काळातले जनता आता जुन्या बाजारातून किंवा घड्याळजींकडून घ्यावे लागते. ऑनलाइन मिळणाऱ्या चकचकीत, नारिंगी किंवा मोरपंखी तबकड्यांपासून सावध राहावे; त्यांतल्या पुष्कळशा नंतर रंगवलेल्या असतात, आणि आतले भाग दोन-तीन घड्याळांचे जोडलेले असतात. रंगवलेली तबकडी ओळखायची खूण अशी की भिंगातून पाहिल्यावर अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात आणि मिनिटांच्या रेषा सगळ्या सारख्या अंतरावर नसतात.

माझे घड्याळ रविवार पेठेतल्या एका जिन्याखालच्या दुकानातून आले. दुकान म्हणजे एक काचेचे टेबल, एक स्टूल आणि भिंतीवर निरनिराळे वेळ दाखवणारी आठ-दहा घड्याळे. काकांना मी माझा ४६ मिलिमीटरचा हिशेब सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, माझ्या मनगटाकडे एकदा पाहिले आणि ड्रॉवरमधून तीन जनता काढून ठेवल्या. ‘मॅडम, पूर्वी सगळ्यांच्याच हाताला हे बसायचं. हात बदलले नाहीत,’ एवढेच ते म्हणाले. तिन्हींच्या पाठी त्यांनी माझ्यासमोर उघडल्या. एकीच्या यंत्रावर गंज होता, दुसरीत एक स्क्रू निराळ्या रंगाचा होता, तिसरी मी घेतली. तेल-साफसफाई आणि नवी काच धरून अडीच हजार रुपये झाले.

व्हर्नियरवर व्यास ३५ मिलिमीटर भरला आणि लग-टू-लग ४१ च्या जवळ. पांढरी तबकडी, काळे बारा आकडे, बाहेरून मिनिटांच्या बारीक रेषा आणि मधून फिरणारा सेकंदकाटा. मी बाजारात जे मागत फिरत होते, ते सगळे या घड्याळात कुणी तरी माझ्या लहानपणीच करून ठेवले होते. हातावर ते ना दागिन्यासारखे लटकते, ना तव्यासारखे पसरते. पांढरी तबकडी काळीपेक्षा मोठी दिसते आणि कडेची धातूची चकती अरुंद असली की आणखी मोठी दिसते, म्हणून ३५ मिलिमीटरचे हे घड्याळ वाचायला ३७ च्या काळ्या सेकोइतकेच सोपे जाते, हाही अनुभव आला. जाडी कमी असल्याने दुसऱ्या हातातली बांगडी त्यावर आपटली तरी अडकत नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. रोज सकाळी चावी द्यावी लागते, आणि ती अडली की तिथेच थांबायचे, जोर करायचा नाही. माझे घड्याळ दिवसाला वीस-पंचवीस सेकंद पुढे जाते. क्वार्ट्झची, म्हणजे बॅटरीवरच्या अचूक घड्याळांची, सवय असलेल्याला हे खपणार नाही. अंधारात काही दिसत नाही. पाण्याशी त्याचे मुळीच जमत नाही, हात धुतानाही ते काढून ठेवावे. बॅटरीच्या घड्याळात सहासव्वीसचा सेल टाकला की दोन वर्षे विसरता येते, तसे इथे नाही. दर तीन-चार वर्षांनी ते उघडून साफ करून घ्यावे लागेल, असे काकांनी आधीच सांगून ठेवले आहे.

पट्ट्याविषयी मात्र कुणी सांगत नाही, आणि बारीक मनगटाचे निम्मे दुखणे तिथेच असते. अठरा मिलिमीटर रुंदीचा बाजारू चामडी पट्टा साधारणपणे बक्कलकडे ७५ आणि भोकांकडे ११५ मिलिमीटर लांब असतो. माझ्या हातावर तो बांधला की बक्कल मनगटाच्या खालच्या बाजूला मध्यभागी न येता बाहेरच्या अंगाला सरकते, आणि उरलेली शेपटी दोन्ही कड्यांतून बाहेर येऊन साडीच्या पदराला अडकते. मोच्याकडून जादा भोके पाडून घेतल्याने घेर कमी होतो, पण बक्कल जागेवर येत नाही. त्यासाठी बक्कलकडचा तुकडाच आखूड, ६५ मिलिमीटरच्या आसपासचा हवा. असे आखूड पट्टे बनतात, फक्त नाव घेऊन मागावे लागतात. केसखालून एकसंध जाणारे नायलॉनचे पट्टे दिसायला झकास असले, तरी त्यांचे दोन थर घड्याळाच्या पोटाखाली येतात आणि ते आणखी उंच बसते. सेकोवर मी तो प्रयोग केला आणि दोनच दिवसांत आटोपता घेतला. स्टीलच्या पट्ट्याच्या कड्या काढताना दोन्ही बाजूंनी सारख्या काढायला सांगावे, नाहीतर बक्कल कडेला जाते. आणि पिना कड्यांच्या आतल्या बाजूला कोरलेल्या बाणाच्या दिशेने बाहेर पडतात, उलट ठोकल्या तर कडी चेपते.

आखूड पट्ट्यासाठी मी पुन्हा लक्ष्मी रस्त्यावरच्या त्याच दुकानात गेले होते. विक्रेताही तोच होता, पण त्याने मला ओळखले नाही. त्याने जनता उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, ‘छान आहे, मॅडम. हे लेडीज मॉडेल कुठून घेतलं?’ मी कंपनीचे नाव दाखवले, तेव्हा तो काही क्षण तबकडीकडे पाहत राहिला आणि मग आखूड पट्टा शोधायला आत गेला. पट्टा मिळाला, तपकिरी, साडेतीनशे रुपयांना. भोकांमधले अंतर सहा मिलिमीटरचे होते, आणि माझा हात थंडीत तिसऱ्या भोकाला ढिला व चौथ्याला घट्ट होत असे. काकांनी दोन्हींच्या मध्ये पंचाने एक भोक पाडून दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत.

सध्याची व्यवस्था अशी आहे. जून ते सप्टेंबर सिटिझन, कारण दुचाकीवरून जाताना पुण्याच्या पावसाचा भरवसा नाही आणि रेनकोटच्या बाहीतून पाणी नेमके मनगटापर्यंत येते. बाजारहाट, प्रवास आणि सहलीला कॅसिओ, हरवले तरी जीव हळहळणार नाही म्हणून. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, ब्लॉकवर, जनता. मनगट पंधरा सेंटिमीटरच्या आत असेल आणि एकच घड्याळ घ्यायचे असेल, तर काटे हवेत की आकडे एवढे आधी ठरवावे. आकडे चालत असतील तर ए१५८ घ्यावे आणि विषय संपवावा. काटे हवे असतील आणि चावीची सवय लावून घ्यायची तयारी असेल, तर विश्वासू घड्याळजीकडून जनता. तयारी नसेल, तर सपाट मनगट आधी मोजून, ते ४५ मिलिमीटरहून अधिक भरले तरच बीएम८१८०, आणि त्याचा मूळ पट्टा दुकानातच बदलून घ्यावा.